बेटे आणि त्यांच्या खाड्या

ग्रीस देशाचा नकाशा उघडला म्हणजे प्रथम नजरेत भरतात ती त्याची बेटे. मुख्य भूमीपासून आशियामायनरच्या किनाऱ्यापर्यंत ईजियन समुद्रात ती इतकी जवळजवळ पसरली आहेत की, स्वच्छ दिवशी एका बेटाच्या टेकडीवरून पुढचे बेट दिसते, आणि नावाड्याला जमीन फार वेळ नजरेआड न करता समुद्र ओलांडता येतो. सांप्रत युरोपातील आणि आपल्याकडीलही सधन लोक तेथे जाऊन एखादी खासगी नौका भाड्याने घेतात व आठपंधरा दिवस बेटाबेटांनी हिंडतात. एका बेटावर भग्न देवालय पाहावे, दुसऱ्यावर द्राक्षांचे मळे, तिसऱ्यावर व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला कोट, असा हा क्रम असतो. अशा सफरीत करमणूक तर आहेच; पण जो डोळे उघडे ठेवून जाईल त्याला इतिहासाचा एक धडाही तीत मिळतो. कोणते बेट कोणाच्या हाती होते, आणि ते त्याच्या हाती का राहिले, हा तो धडा होय.

आपल्या कोकणपट्टीस निसर्गाने बेटांचे दान फार सढळ हाताने दिलेले नाही. तरीही पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्याच्या, किनाऱ्यावर असा एक जलमार्ग आहे की, जो ग्रीक बेटांच्या मार्गाशी लहान प्रमाणात ताडून पाहता येतो. त्याचे एक टोक पेणच्या खाडीत आहे व दुसरे रोह्याच्या खाडीत. मध्ये खांदेरी, उंदेरी आणि कुलाबा ही तीन जलवेष्टित ठाणी. आरंभी उजव्या हाताला मुंबई बंदरातील घारापुरी. आणि रोह्याच्या खाडीच्या मुखापलीकडे, थोडे दक्षिणेस, जंजिरा. या बेटांच्या लढायांची वर्णने मराठी वाचकांस पुष्कळ परिचित आहेत. परंतु त्या वर्णनांत तोफा, तट व सरदार यांनाच सारी जागा मिळते आणि पेण, नागोठणे, अष्टमी, रोहा ही नावे केवळ पत्ता सांगण्यापुरती येतात. आमच्या मते यामुळे हा इतिहास अर्धाच सांगितला जातो. बेट जिंकले कोणी हे तोफांनी ठरले असेल. पण ते टिकवले कोणी हे खाड्यांनी ठरविले. हेच येथे थोडक्यात दाखवावयाचे आहे.

प्रथम या दोन खाड्यांची ओळख करून घेऊ. पेणजवळून वाहणारी भोगावती आणि नागोठण्यावरून येणारी अंबा यांचे पाणी धरमतरच्या खाडीत मिळते. ही खाडी रेवस आणि करंजा यांच्यामधून मुंबई बंदरात उघडते. पेणचे जुने बंदर म्हणजे गावाबाहेरचे अंतोरे. भरतीच्या पाण्याबरोबर तेथवर मचवे व पडाव येत आणि भात, मीठ, लाकूडफाटा घेऊन ओहोटीबरोबर परत जात. मुंबईहून महाबळेश्वरास निघालेले प्रवासीही एके काळी नागोठण्यापर्यंत बोटीनेच येत. दुसरी खाडी कुंडलिकेची. ही नदी सह्याद्रीतून उतरून रोहा व अष्टमी या समोरासमोरच्या गावांमधून वाहते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्रास मिळते. दोन्ही खाड्यांच्या काठी भाताची खाचरे, मिठागरे, खाजणे व तिवरांची राने; आणि त्यांच्यामागे सह्याद्रीचे सागवान. एका गलबताला जे लागते, म्हणजे बांधण्यास लाकूड, भरण्यास धान्य व मीठ, चालविण्यास पाण्यात वाढलेली माणसे, ते सर्व या दोन खाड्यांच्या परिसरात एकत्र सापडते. समुद्रातल्या बेटावर यांपैकी एकही वस्तू पुरेशी मिळत नाही.

ग्रीक बेटांहून आपली बेटे भिन्न आहेत ती नेमकी याच गोष्टीत. नाक्सॉस किंवा पारोस ही बेटे मोठी. त्यांस स्वतःची शेती, स्वतःचा संगमरवर, स्वतःची नगरे व स्वतःचे नाणे होते. डेलॉस हे त्या मानाने अगदीच लहान व नापीक, परंतु अपोलोचे जन्मस्थान मानले गेल्यामुळे त्यास पावित्र्य लाभले; आणि इराणच्या स्वाऱ्यांनंतर, ख्रिस्तपूर्व ४७८ मध्ये, अथेन्सने जो नाविक संघ उभारला त्याचा खजिना तेथेच ठेविला गेला. पुढे ख्रिस्तपूर्व ४५४ च्या सुमारास अथेन्सने तो खजिना आपल्या नगरात नेला, तेव्हा बेटांचा संघ हे अथेन्सचे साम्राज्य झाले हे सर्वांच्या ध्यानात आले. तात्पर्य, तेथे बेटे ही स्वतंत्र राज्ये होती आणि त्यांस अंकित करावे लागे. आमची खांदेरी, उंदेरी म्हणजे समुद्रातले खडक. त्यांना स्वतःचे राज्य नाही, शेत नाही. त्यांचे मोल ती जेथे उभी आहेत त्या जागेत आहे.

ग्रीकांचा आणि या किनाऱ्याचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने या जलमार्गाची जी माहिती लिहून ठेविली, ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. तीत कल्याणच्या पुढे 'सेमुल्ला' या बंदराचे नाव येते. सेमुल्ला म्हणजे आपले चौल, कुंडलिकेच्या मुखावरचे, हे विद्वानांस सामान्यतः मान्य आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी तर या बंदरास तेथील रहिवासी 'तिमुला' म्हणतात असे तेथे व्यापार केलेल्या लोकांच्या तोंडून ऐकून सांगतो. सेमुल्लाच्या पुढचे 'मंदगोर' हे राजपुरीच्या खाडीवरील मांदाड असावे असा कित्येकांचा तर्क आहे. त्याच खाडीकाठच्या कुडे येथील लेण्यांत मांदवच्या महाभोजांचे शिलालेख आहेत, ही गोष्ट त्या तर्कास पुष्टी देते. पेरिप्लसकर्ता आणखी दक्षिणेस गेल्यावर काही बेटांची नावे देतो आणि त्या बाजूस चाचे असतात असा इशाराही देऊन ठेवितो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याच्या लेखी मोल बंदरांचे आहे. बेट आले की तो सावध होतो, माल मात्र खाडीतल्या बंदरात उतरवितो.

आता आपला मचवा अंतोऱ्याच्या बाजूने निघाला आहे असे समजू. जुन्या तांडेलांचा हिशेब सोपा असे: ओहोटी लागताच खाडी उतरावी, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर समुद्र गाठावा, आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुरू झाला की त्याच्या आधाराने पुढच्या मुक्कामास लागावे. पावसाळ्याचे चार महिने हा व्यवहार बंद; नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिला म्हणजे पुन्हा शिडे चढत. या नियमाचा भंग करणे म्हणजे जिवावर उदार होणे, हे पुढील हकीकतीसाठी वाचकांनी लक्षात ठेवावे.

खाडीच्या मुखाशी येताच उत्तरेकडे घारापुरीचे बेट दिसते. तेथील शैव लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची मानितात. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांची पुरी ही राजधानी आरमार नेऊन जिंकली, असे इसवी सन ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखावरून समजते. ही पुरी म्हणजे घारापुरीच की राजपुरी, याविषयी मतभेद आहे. दोन्ही जागा खाडीच्या तोंडावरच्या आहेत, एवढे आपल्या कामास पुरे. या किनाऱ्यावर राज्य करावयाचे त्याने खाडीचे मुख धरावे, ही नीती शिवकालाच्या हजार वर्षे आधीपासून चालत आलेली आहे.

मुखातून बाहेर पडून दक्षिणेस वळले की मांडवा व किहीम मागे टाकून थळच्या समोर खांदेरी व उंदेरी ही जोडी लागते. खांदेरी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर, किनाऱ्यापासून चारपाच किलोमीटर आत, दोन टेकड्यांची. उंदेरी तिच्या आणि थळच्या मधोमध, सखल व लहान. शिवाजी महाराजांचे लक्ष खांदेरीवर प्रथम गेले ते १६७२ मध्ये. त्या वेळी इंग्रज व सिद्दी या दोघांनी हरकत घेतल्याने काम थांबले. मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. खांदेरीवर मराठ्यांचे ठाणे बसले तर मुंबईत येणारे जाणारे प्रत्येक गलबत त्यांच्या नजरेखालून जाणार, हे कंपनीच्या लोकांस पुरते कळून चुकले होते.

पुढच्याच वर्षी खाड्यांनी काय किंमत मोजावी लागते याचा अनुभव पेणकरांस आला. १६७३ च्या ऑक्टोबरात सिद्दीचे आरमार मुंबई बंदरात शिरले आणि त्याच्या टोळ्यांनी पेण व नागोठण्याच्या खाड्यांत उतरून गावे लुटली व जाळली. या वेळी खांदेरीवर ठाणे नव्हते, आणि खाडीच्या मुखावर दाराला अडसर नव्हता. बेटाच्या लढाईत खाडीकाठच्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे जो विचारील त्यास या प्रसंगाने उत्तर मिळते. बेट राखले नाही तर भाताची उडवी जळते. आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, भात नसेल तर बेट राखता येत नाही.

१६७९ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, पावसाळा सरला नाही तोच, मायनाक भंडारी दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि तट उभारू लागला. ऋतूची निवड हेतुपूर्वक केलेली होती. कारण त्या दिवसांत मोठ्या जहाजांस त्या खडकाळ पाण्यात उभे राहणे अवघड जाते. इंग्रजांनी प्रथम निषेध कळविला, मग जहाजे पाठविली. १९ सप्टेंबर रोजी त्यांनी बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला व एक शिबाड मराठ्यांच्या हाती पडले. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखान सुमारे साठ नौका घेऊन चालून आला. इंग्रजांची आठ गलबते होती. 'डव्ह' नावाच्या त्यांच्या गुराबेने निशाण उतरविले व ती पाडाव झाली. दुसरी काही पळाली. परंतु कॅप्टन केग्विन 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजासह जागचा हलला नाही आणि त्याच्या तोफांपुढे मराठी आरमारास उथळ पाण्याकडे मागे फिरावे लागले.

आता या लढाईचा निकाल कोणता समजावयाचा? समुद्रावरील तोफांच्या सामन्यात इंग्रजांचे पारडे जड ठरले, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. दौलतखानाच्या साठ नौका एका 'रिव्हेंज'ला हटवू शकल्या नाहीत. तरीही खांदेरी पडली नाही. कारण ज्या उथळ पाण्यात मराठ्यांच्या नौका शिरल्या तेथे 'रिव्हेंज'ला जाता येत नव्हते. आणि रात्र पडली, वारा पडला, की थळच्या किनाऱ्यावरून व नागोठण्याच्या खाडीतून बारीक, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या निघत, पहारा चुकवून बेटास लागत, धान्य, दारूगोळा, माणसे उतरवीत आणि उजाडण्यापूर्वी परतत. मोठ्या जहाजास वारा नसला म्हणजे ते लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहते. वल्ह्याला वाऱ्याची गरज नाही. इंग्रज कप्तानांच्या पत्रांत याच गोष्टीची तक्रार पुनःपुन्हा येते. अखेर महिन्यांमागून महिने खर्च सोसून, सिद्दीचे साहाय्य येऊनही, कंपनीने हात टेकले व १६८० च्या मार्चात खांदेरी मराठ्यांची हे मान्य केले.

या प्रसंगाचा जोड ग्रीक इतिहासात आहे, आणि तो इतका जवळचा आहे की, त्याची आठवण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ख्रिस्तपूर्व ४२५ मध्ये पेलोपोनीसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील स्फाक्टेरिया या बेटावर स्पार्टाचे ४२० योद्धे अथेन्सच्या आरमाराने कोंडले. थ्युसिडिडीस हा इतिहासकार सांगतो की, बेटावर अन्न पोहोचविणाऱ्यास स्पार्टाने मोठे मोल आणि दासास मुक्तता देऊ केली. तेव्हा हेलट नावाचे दास रात्री, समुद्राकडून वारा जोरात असताना, होड्या सरळ खडकांवर नेऊन आदळीत. कारण तशा वाऱ्यात शत्रूच्या जहाजांस नांगरून राहता येत नसे. कित्येक जण तर मधात कालविलेली खसखस व कुटलेले जवस चामड्याच्या पिशव्यांत भरून, त्या दोरीने ओढीत, पाण्याखालून पोहत जात. बेट बहात्तर दिवस टिकले. ते पडले ते उपासमारीने नव्हे. रान जळून आडोसा गेला व शत्रूस उतरण्यास वाव मिळाला म्हणून पडले. २९२ लोक जिवंत हाती लागले.

दोन्ही प्रसंगांत आरमारी बळ वेढा घालणाराकडे होते, आणि दोन्हींत ते बळ अपुरे पाडले ते रात्रीच्या होड्यांनी. पण एक फरक आहे. स्पार्टाच्या हेलटांस मुक्ततेचे आमिष दाखवावे लागले. आणि त्याच स्पार्टाने एकदा स्वातंत्र्य देऊ केलेल्या सुमारे दोन हजार हेलटांस गुप्तपणे नाहीसे केले, अशी नोंद थ्युसिडिडीसनेच करून ठेविली आहे. खांदेरीस होड्या नेणारे कोळी, भंडारी, आगरी यांचा या लढ्याशी संबंध याहून निकटचा होता. सहा वर्षांपूर्वी ज्या खाड्यांतली गावे जळली, त्याच खाड्यांतून त्यांच्या होड्या निघत होत्या. त्यांच्या मनात काय होते याची साक्ष देणारा कागद नाही, म्हणून त्याविषयी अधिक बोलणे योग्य नव्हे. त्यांनी काय केले ते मात्र शत्रूच्याच दप्तरात नमूद आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, खाडीवाचून बेट टिकत नाही हा नियम खरा असेल तर जंजिरा कसा टिकला? आक्षेप रास्त आहे. जंजिऱ्याभोवतीचा मुलूख शिवाजी महाराजांनी बहुतेक घेतला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडी भरून बेटास जोडण्याचा उद्योग मांडला. तरी जंजिरा पडला नाही आणि सिद्दीचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चालले. परंतु बारकाईने पाहता हा अपवाद नियमासच बळकटी देतो. एक तर जंजिऱ्यावर गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. दुसरे असे की, सिद्दी मोगलांचा चाकर असल्याने त्यास सुरतेहून पैसा व जहाजे मिळत. आणि तिसरे, मराठ्यांनी जवळची खाडी तोडली तेव्हा सिद्दीने दूरची खाडी जोडली, ती म्हणजे मुंबईचे बंदर. पावसाळ्यात त्याचे आरमार तेथे आश्रयास राही व इंग्रज कुरकुरत का होईना, ते राहू देत. सिद्दीला पाठीशी बंदर होतेच. फक्त ते राजपुरीच्या ऐवजी माझगावास होते.

हीच गोष्ट उंदेरीवरून दिसते. खांदेरी हातची गेली असे पाहताच सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारच्या उंदेरीवर तोफा चढविल्या. त्याच वर्षाच्या पावसाळ्यात मराठ्यांनी तीवर रात्रीचा छापा घातला, तो फसला. तेव्हापासून हाकेच्या अंतरावरील ही दोन बेटे एकमेकींवर गोळे टाकीत राहिली. उंदेरी मराठ्यांस कायमची मिळाली ती १७५९ मध्ये, म्हणजे एकुणऐंशी वर्षांनी. सिद्दीच्या पाठीशी असलेली मोगली सत्ता तोवर नावापुरती उरली होती. आधार सुटला तेव्हा बेट सुटले.

थळवरून पुढे गेले की अलिबागसमोर कुलाबा किल्ला लागतो. हे बेट अर्धवेळचे. ओहोटीला माणूस पायी जातो, भरतीला होडी लागते. किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, १६८० मध्ये सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांचे ते मुख्य ठाणे झाले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने खांदेरीवर हल्ला केला व तो परतला. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर आले. कमोडोर मॅथ्यूज इंग्लंडहून राजाची जहाजे घेऊन आला होता. समुद्रावर त्यांस तोड नव्हती. पण या वेळी लढाई झाली ती किनाऱ्यावर. बाजीराव पेशवे घोडदळासह घाटाखाली उतरले, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रजांस रिकाम्या हातांनी परतावे लागले. समुद्रातले ठाणे जमिनीवरच्या घोड्यांनी वाचविले. बेटाचा जीव किनाऱ्यात असतो हे सांगण्यास याहून उघड दाखला सापडणे कठीण.

अलिबागपासून दक्षिणेस रेवदंड्याला आपण कुंडलिकेच्या मुखात शिरतो. उजव्या हाताला कोर्लईचा डोंगर, डाव्या हाताला पोर्तुगीजांचा कोट. कोर्लई हे बेट नव्हे, भूशिर आहे. परंतु समुद्रातून पाहणारास ते बेटच भासते. येथे मार्च १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा याची गाठ ईजिप्तचा अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमाराशी पडली. त्या लढाईत लॉरेन्सो पडला. पण कसा पडला हे पाहण्याजोगे आहे. खाडीतून बाहेर पडताना त्याचे जहाज कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकले, आणि अडकलेले जहाज शत्रूने गाठले. ज्याने ते खांब रोविले त्याला पोर्तुगालचे नावही ठाऊक नसेल. तरीही युरोपातल्या एका बलाढ्य दर्यावर्दी राष्ट्राचा या समुद्रावरील पहिला मोठा पराभव त्याच्या खांबांमुळे घडून आला. पोर्तुगीज लवकरच सावरले. त्यांनी रेवदंड्यास कोट बांधला, १५९४ मध्ये कोर्लई निजामशाहीकडून घेतली, आणि १७४० मध्ये ही सर्व ठाणी मराठ्यांच्या स्वाधीन होईपर्यंत ते येथे राहिले. कोर्लई गावात त्यांच्या भाषेच्या मिश्रणाने झालेली एक बोली अजून बोलली जाते. मात्र सव्वादोनशे वर्षांत त्यांची सत्ता खाडीच्या मुखापासून फारशी आत गेली नाही.

आत, भरतीबरोबर वर गेले म्हणजे अष्टमी व रोहा. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडास गेला, तो याच वाटेने. मुंबईहून चौलला आल्यावर कोटाचे दरवाजे मिटलेले असल्याने त्याने रात्र बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी होडीने खाडी चढून तो अष्टमीस उतरला आणि तेथून निजामपुरावरून पायवाटेने रायगडाखाली पाचाडास पोहोचला. मुखाशी पोर्तुगीजांचा कोट असतानाही खाडीचा पाणरस्ता मराठ्यांच्या राजधानीकडेच जात होता. कोट परक्याचा आणि वाट आपली, असा हा प्रकार पाहिला म्हणजे खाडीचे खरे धनी कोण होते याचा उलगडा होतो.

येथे आपला प्रवास संपतो. या साऱ्या हकीकतीचा आजच्या काळाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. तो आहे, आणि तोच आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. पुढे बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. आपल्या नौदलाच्या पाणबुडीस 'खांदेरी' हे नाव लाभले. आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांत खांदेरी आहे. याचा कोणास अभिमान वाटणार नाही? मुंबईहून खासगी नौका घेऊन मांडव्यास येणारे हौशी लोकही आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काही या बेटांभोवती फेरी मारून जातात. हे सर्व चांगलेच आहे.

परंतु ज्या खाड्यांनी ही बेटे जगविली, त्यांची नावे कोणत्या यादीत आहेत? रस्ते झाले, कोकण रेल्वे रोह्यापासून १९९८ मध्ये थेट दक्षिणेकडे धावू लागली, आणि अंतोऱ्याचा व अष्टमीचा जुना जलव्यापार आटोपला. वाहतूक बदलते, त्याविषयी हळहळण्यात अर्थ नाही. पण व्यापार गेला म्हणून खाडीही गेलीच असे समजून आपण वागू लागलो, ही चूक आहे. गाळ साचतो आहे. पेणच्या खारेपाटात बांध फुटून खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या भातशेतांत शिरते, आणि पाण्याने वेढलेल्या त्याच गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ पडते. ज्यांच्या पूर्वजांनी वेढ्यातल्या बेटास धान्य पोहोचविले, त्यांच्या वंशजांस टँकरची वाट पाहावी लागावी, यासारखी विसंगती नाही.

इतिहासाचे काम केवळ वीरांची नावे जपणे नव्हे. कोणत्या गोष्टीच्या आधारावर कोणती गोष्ट उभी होती हे सांगणे हेही त्याचे काम आहे. मायनाक भंडाऱ्याचे नाव राहिले ते योग्यच झाले. रात्री वल्ही मारणाऱ्यांची नावे राहिली नाहीत आणि आता ती मिळणारही नाहीत. त्यांच्या खाड्या मात्र अजून जागेवर आहेत. तट पडला तर तो दगडावर दगड ठेवून पुन्हा उभारता येतो. गाळाने बुजलेली खाडी व खाऱ्या पाण्याने मेलेले शेत पुन्हा जिवंत करणे त्याहून पुष्कळ कठीण आहे. म्हणून जो कोणी खांदेरी पाहावयास जाईल, त्याने मुंबईहून न जाता एकदा पेणच्या बाजूने, ओहोटीच्या पाण्याबरोबर खाडी उतरून जावे अशी आमची सूचना आहे. त्या वाटेने गेल्यास बेट दिसण्यापूर्वी दोन्ही काठांचे बांध, उघाड्या, मिठागरे व शेते दिसतात, आणि मग समुद्रातला तो कोट कशावर उभा होता हे सांगण्यास कोणी वाटाड्या लागत नाही.